खोक्यातून गुहेपर्यंत: स्टार्टर सेट चालवून पाहताना केलेल्या नोंदी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रं घेऊन टेबलाभोवती गोष्ट खेळायच्या खेळाचा २०१४चा स्टार्टर सेट घरच्या चार जणांना घेऊन चालवायला घेतला आहे. ताई, दाजी, भाची (वय १५) आणि भाचा (वय १२). चौघांपैकी कुणीही असा खेळ पूर्वी खेळलेलं नाही. मी दोन-तीनदा दुसऱ्यांच्या टेबलावर खेळलो आहे, पण डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत कधी बसलेलो नाही. कुणी असाच पहिल्यांदा बसणार असेल तर माझे वाया गेलेले तास त्याच्या कामी यावेत म्हणून या नोंदी.

यात सेटमधल्या साहसाची गुपितं फुटणार आहेत. तुम्ही खेळाडू म्हणून बसणार असाल तर इथेच थांबा.

शनिवार, ३ मे. खोकं उघडलं

आत निघालं ते असं: ३२ पानांची नियमांची पुस्तिका, ६४ पानांचं साहसाचं पुस्तक (लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर), आधीच तयार केलेल्या पाच पात्रांचे कागद आणि सहा पासे. चार बाजूंचा, सहाचा, आठचा, दहाचा, बाराचा आणि विसाचा. प्रत्येकी एकच.

पहिली गोष्ट शोधली ती स्वतःचं पात्र कसं बनवायचं ही. ते यात नाहीच. पुस्तिका दोनदा उलटीपालटी केली, मग लक्षात आलं की सोपं केलंय ते इथे. पात्रनिर्मितीचा अख्खा व्याप काढून टाकला आहे. दोन मानव योद्धे, एक ड्वार्फ क्लेरिक (बुटक्या वंशाचा, देवाचा पुजारी), एक एल्फ जादूगार आणि एक हाफलिंग चोर. उचला आणि खेळा. पात्र अनुभवाने एकेक पातळी चढत जातं, पाचव्या पातळीपर्यंत काय काय मिळत जाणार तेही त्याच कागदांवर छापलंय. ज्याला स्वतःचंच पात्र हवं असेल त्याच्यासाठी त्याच वर्षी बेसिक रूल्स म्हणून फुकट पीडीएफ काढलेली आहे. तिच्यात चार वंश आणि चार वर्ग (योद्धा, चोर असे पेशे) आहेत. मी ती उतरवून ठेवली. अजून उघडलेली नाही, आणि आता वाटतं की बरं झालं.

खर्च: खोकं सोडलं तर चौकटींची वही, पेन्सिली आणि सोंगट्या म्हणून शर्टांची जुनी बटणं.

६ ते ९ मे. वाचन

चार संध्याकाळी, मिळून सातेक तास. साहसाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत कादंबरीसारखं वाचून काढलं. हिरवा ड्रॅगन कुठे बसलाय, कोण कुणाला फितूर आहे, खाणीत काय आहे, सगळं. मजा आली. उपयोग शून्य. पहिल्या सत्राला लागतात जेमतेम दहा-बारा पानं, आणि नेमकी तीच मी सगळ्यात आधी वाचून सगळ्यात आधी विसरलो होतो.

शनिवार, १० मे. पहिलं सत्र, आणि सगळे आडवे

पात्रं वाटली. भाचीने जादूगार घेतला, भाच्याने चोर, ताईने क्लेरिक, दाजींनी मोठी कुऱ्हाडवाला योद्धा. धनुष्यवाला योद्धा खोक्यातच राहिला.

चूक पहिली: पन्नास मिनिटं नियम समजावत बसलो. सहा क्षमता, प्रोफिशियन्सी, आर्मर क्लास (फटका लागायला पाशावर गाठावा लागणारा आकडा), सेव्हिंग थ्रो. भाच्याने तेवढ्यात पाशांचा मनोरा बांधला. दाजी म्हणाले, "खेळ कधी सुरू होतो ते सांग, तोवर मी पडतो जरा."

चूक दुसरी: डीएमने वाचून दाखवायचा मजकूर चौकटीत छापलेला असतो, तो इंग्रजीतून जसाच्या तसा वाचला. चौघांनाही इंग्रजी कळतं. तरी बातम्या ऐकावा तसा सगळा टेबल ऐकत राहिला. शेवटी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "वळणावर दोन घोडे मरून पडलेत. अंगात काळ्या पिसांचे बाण. दोन्ही बाजूंना दाट झाडी. काय करता?" तेव्हा कुठे भाचा ताठ बसला. "मी गाडीखाली शिरतो." त्या दिवसातलं पहिलं खरं वाक्य ते.

चूक तिसरी सगळ्यात महागात पडली. झाडीत चार गॉब्लिन. मी चौघांनाही लपून बाण मारत ठेवलं, कारण मला ते हुशारीचं वाटलं. पुस्तकात स्पष्ट दिलंय की दोघं तलवारी उपसून अंगावर येतात आणि दोघं लांबून बाण मारतात. गॉब्लिनचा बाण ३ ते ८ नुकसान करतो आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) असतात आठ. भाचीला पहिल्याच फेरीत ५ आणि ६चे दोन बाण बसले. मी जाहीर करून टाकलं, "तू मेलीस."

ताईने लगेच विचारलं, "माझ्याकडे बरं करायचा मंत्र आहे ना? टाकू?" मी छातीठोकपणे सांगितलं की मेलेल्या माणसावर तो चालत नाही.

मग भाचा पडला, मग ताई. दाजींनी कुऱ्हाडीने दोन गॉब्लिन उडवले आणि तेही पडले. सत्तर मिनिटांत खेळ खलास. भाची काही बोलली नाही, तिने पात्राचा कागद नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवला. रागावली असती तर परवडलं असतं.

रविवार, ११ मे. मेलीच नव्हती

सकाळी चहाही न घेता पुस्तिका उघडली. शून्यावर आलं की माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. मग दर फेरीला विसाचा पासा टाकायचा. १० किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश. तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मेला. २० आला तर एक हिट पॉइंट घेऊन उठून बसतो, १ आला तर दोन अपयशं धरायची. एका फटक्यात माणूस मारायचा तर शून्यानंतर उरलेलं नुकसान त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांइतकं तरी लागतं. भाचीच्या बाबतीत ते तीन उरलं होतं. म्हणजे ताईचा मंत्र चालला असता.

आणि याहून वाईट: गॉब्लिन जिंकले तर काय, हे साहसाच्या पुस्तकात त्याच जागी लिहिलेलं आहे. ते सगळ्यांना बेशुद्ध सोडतात, लुटतात आणि गुहेकडे निघून जातात. मी ज्या पानावर अडलो होतो त्याच पानावर उत्तर होतं.

भाचीला फोन केला. दोन क्षण शांतता. मग, "म्हणजे मामा, मी मेलेच नव्हते?"

"नाही."

"मग कागद परत दे."

बुधवार, १४ मे. सामान

दोन तास टेबलावरच्या गोष्टींसाठी.

एक, नकाशा. गुहेचा नकाशा पुस्तकात आहे, पण तो डीएमसाठीचा. खोल्यांचे आकडे, पूल, वर चढून जायची चिमणी, सगळं त्यावर दिसतं. तो खेळाडूंना दाखवला तर खेळच संपला. म्हणून चौकटींच्या वहीवर पूर्ण गुहा पुन्हा काढली, एक चौकट पाच फूट. रेषा सुबक आल्या याचा आनंद झाला, आणि मग कळलं की पूर्ण काढलेला नकाशाही दाखवता येणार नाहीच. फाडला. कोरी चौकटींची पानं एकमेकांना चिकटवून ठेवली, ते जसजसे आत जातील तसं काढत जायचं.

दोन, पासे. एक विसाचा पासा पाच जणांत फिरवायचा म्हणजे अर्धा वेळ "पासा दे"मध्ये जातो. ॲडव्हांटेज, म्हणजे परिस्थिती आपल्या बाजूने, असेल तर विसाचे दोन पासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, इथे एकच पासा दोनदा टाकावा लागतो. पण खरी अडचण आठच्या पाशाची. भाचीच्या झोपेच्या मंत्राला आठचे पाच पासे लागतात. म्हणून १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाकल्या. १९७९च्या आसपास याच खेळाच्या बेसिक सेटमध्ये पाशांचा तुटवडा म्हणून पाशांऐवजी आकड्यांच्या चकत्या घालून विकलं होतं, तेव्हा परंपरा मोडली असं कुणी म्हणू नये.

तीन, एका पानाचं टिपण. गॉब्लिन: आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, मारायला +४ (विसाच्या पाशात मिळवायचे), नुकसान १डी६+२ (सहाचा एक पासा अधिक २). खाली प्रत्येक खोलीला दोन ओळी: कोण आहे, त्याला काय हवंय. बस. सत्राच्या वेळी पुस्तक मिटलेलं ठेवायचं ठरवलं.

शनिवार, १७ मे. दुसरं सत्र

नियम समजावले नाहीत. "तुम्ही रस्त्याच्या कडेला शुद्धीवर येता. गाडी रिकामी. तुमची शस्त्रंही गेली." गावात जाऊन उधारीवर सामान घेण्यात वीस मिनिटं गेली, ती मात्र झकास गेली. ताईने दुकानदाराशी घासाघीस केली, दाजींनी कुऱ्हाड पसंत करायला दहा मिनिटं लावली.

गॉब्लिनांच्या पायवाटेवर दोन सापळे आहेत. मी विचारलं, "पुढे कोण चालतंय?" आणि चौघंही जागच्या जागी थिजले. पुढची पन्नास पावलं त्यांनी काठीने जमीन ठोकत काढली. हा प्रश्न वाटेवर नाही, गावातून निघतानाच विचारून लिहून ठेवायचा असतो.

गुहेच्या तोंडाशी ओढ्यापलीकडच्या झुडपात दोन पहारेकरी. इथे भाचा सलग तीन फेऱ्या चुकला. त्याचा बोनस +५, समोर आर्मर क्लास १५, म्हणजे १० किंवा वर यायला हवा. विसाच्या पाशावर निम्म्याहून जास्त वेळा यावा. तीन चुका म्हणजे नशीब फुटकं, असं मी मनाशी म्हणतोय तोवर भाची म्हणाली, "मामा, त्याच्या हातात बाराचा आहे." दाजींच्या कुऱ्हाडीचं नुकसान बाराच्या पाशाने मोजतात, तो त्यांच्यापाशी पडलेला असायचा. दिव्याखाली दोन्ही निळे, दोन्ही गोलसर. बाराच्या पाशावर १० किंवा वर यायची शक्यता चारात एक. तीन फेऱ्या बिचारा बाराने लढत होता. विसाच्या पाशावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. या प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी दुरुस्ती.

तोवर त्याचे चार हिट पॉइंट उरले होते आणि तो झुडपात दोन गॉब्लिनांच्या मधोमध. भाचीने झोपेचा मंत्र टाकला. चिठ्ठ्या निघाल्या ६, ३, ५, २, ४. एकूण २०, म्हणजे वीस हिट पॉइंटांइतके जण झोपणार. नियम असा की वीस फुटांच्या वर्तुळात ज्याचे हिट पॉइंट सगळ्यात कमी त्याच्यापासून सुरुवात करायची. मित्र-शत्रू असा भेद नाही. चारवाला भाचा पहिला घोरायला लागला. मग ७ आणि ७. उरलेले दोन वाया.

"अगं, मला का झोपवलंस!"

"मी नाही, मामाच्या नियमाने झोपवलं."

ताईने आपली पूर्ण पाळी खर्च करून त्याला गदागदा हलवून उठवलं. (उठवायला एक ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, लागते, किंवा मार बसावा लागतो. भावाला मार देऊन उठवण्याची भाचीची सूचना होती.) हसून हसून दहा मिनिटं गेली आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे जमतंय.

नंतर भाचीनेच आणखी एक चूक पकडली. पाच चिठ्ठ्यांत एकही आकडा दोनदा आला नव्हता. मी चिठ्ठी काढल्यावर परत वाटीत टाकतच नव्हतो. पाच वेगवेगळे पासे आणि परत न टाकलेल्या पाच चिठ्ठ्या यात फरक आहे, हे तिने मला आकृती काढून दाखवलं.

रविवार, १८ मे

काल मी एक तासाची विश्रांती द्यायला विसरलो. तीत जखमा थोड्या भरतात, आणि जादूगाराला दिवसातून एकदा एक मंत्र परतही मिळतो. पहिल्या पातळीला तिच्याकडे मंत्र टाकायच्या जागाच दोन, म्हणजे अर्धी ताकद मी तिला सांगितलीच नव्हती. आता प्रत्येक पात्राच्या कागदावर "विश्रांतीत काय मिळतं" ही ओळ पेन्सिलीने लिहिली आहे.

शनिवार, २४ मे. गुहा

तीन तास, मधे एक छोटी सुट्टी.

आतल्या बोगद्यात वर पुलावर एक गॉब्लिन असतो. त्याने इशारा केला की मागच्या खोलीतले गॉब्लिन दगडांचा बांध फोडतात आणि ओढ्याला लोंढा येतो. माझ्या कोऱ्या पानावर मी बोगदा काढत होतो आणि बटणं पुढे सरकत होती. पूल काढला, पण तो डोक्यावर आहे हे कागदावर दिसेना. भाचा पुलावरून सरळ चालायला निघाला. एका खोक्यावर पुठ्ठ्याची पट्टी आडवी ठेवली आणि बटणं तिच्याखाली सरकवली. लगेच सगळ्यांची नजर वर गेली, आणि दाजी हळूच म्हणाले, "वरून काहीतरी येणार." आलं. लोंढ्याने दाजी आणि ताई वाहून थेट तोंडाशी. मी त्यांची बटणं खरोखर बोटाने घसपटत कागदाबाहेर नेली.

मग मोठ्या खोलीत यीमिक. हा टोळीतला दुय्यम. त्याने गॉब्लिनांनी पकडलेल्या एका कैद्याला कड्याच्या काठावर धरलंय आणि सौदा टाकतो: आमच्या म्होरक्याला मारा, मुंडकं आणा, कैदी न्या. मी लढाईची तयारी करून बसलो होतो. ताई खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "चालेल. पण आधी त्या माणसाला पाणी पाज. तो मेला तर तुझ्या हातात काय उरतं?"

इथे मी पासा टाकायला सांगितला. का, ते मलाच माहीत नाही. १५ हवे होते, आले नऊ. आता यीमिकला नाही म्हणणं भाग. इतकं बिनतोड बोलणं आणि वर मी नुसतं "नाही पाजत" म्हणतोय, अशी ती जागा पडली. ताई मागे टेकली आणि पुढची वीस मिनिटं फारशी बोलली नाही. तिचं म्हणणं ऐकून यीमिकला पाणी द्यावंसं वाटलंच असतं. विचारायचीच गरज नव्हती. टिपणात मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन्ही निकालांनी काही गंमत होणार असेल तरच पासा.

शेवटी म्होरक्या, क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांचा धिप्पाड केसाळ भाऊबंद). स्वतःला मोठा लढवय्या सरदार समजतो आणि स्वतःबद्दल परक्यासारखं बोलतो. मला आवाज काढायची लाज वाटत होती. घसा खरवडून म्हणालो, "क्लार्गच्या घरात कोण आलंय? क्लार्गला भूक लागलीय." भाच्याने तोंडावर हात घेतला. दाजींनी त्याच सुरात उत्तर दिलं, "दाजीही उपाशीच आहेत," आणि कुऱ्हाड चालवली. क्लार्गचे २७ हिट पॉइंट आणि फटका २डी८+२. आता चिठ्ठ्या परत टाकत होतो. आले ७ आणि ५, अधिक २, एकूण १४. दाजींचे बारा हिट पॉइंट होते. आडवे.

मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "मेले नाहीत. बेशुद्ध आहेत." ताईने जखमेवर हात ठेवला, दाजी उठले आणि पुढच्याच फेरीत कुऱ्हाडीवर १२ आला. क्लार्ग संपला. पासा कुणाचा, कुणी टाकला, यावर अजून घरात वाद आहे.

यीमिकने मुंडकं बघितल्यावर शब्द फिरवला आणि वर खंडणी मागितली. तसं पुस्तकातच आहे. पण भाच्याला ते मनाला लागलं. "पण त्याने वचन दिलं होतं ना मामा?" पैसे देऊन कैदी सोडवला, आणि यीमिकचं नाव भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खाली दोन रेषा मारल्या.

रविवार, २५ मे

सगळे दुसऱ्या पातळीवर. वाढीचं सगळं कागदावरच छापलेलं असल्याने चौघांचं मिळून वीस मिनिटांत झालं. भाच्याला चोराची कनिंग ॲक्शन मिळाली आहे. म्हणजे एका पाळीत मारून परत लपता येतं. सकाळपासून तो घरात दारामागे लपतोय.

आतापर्यंतचा वेळ: तयारीचे साधारण बारा तास, प्रत्यक्ष खेळाचे सव्वासात. तयारीतले नऊ तास तरी असे की पुन्हा करणार नाही.

पुढच्या शनिवारी भाचीची मैत्रीण येणार आहे. खोक्यात उरलेला धनुष्यवाला योद्धा तिला द्यायचा. तिला पहिली पातळी द्यायची की थेट दुसरी, हे ठरायचं आहे. भाची म्हणते दुसरी, भाचा म्हणतो पहिली, कारण आपण मार खाऊन आलो. मी साहसाच्या दुसऱ्या भागाची फक्त पहिली सात पानं वाचणार आहे. आणि आठचे दोन पासे कुणाकडून तरी उसने आणायचे आहेत. चिठ्ठ्यांची वाटी काल घाईत कुणीतरी धुऊन टाकली.